हळद्या सापडतो, हरियाल सापडत नाही

आजचा विषय आहे, हजारो फोटोंच्या ढिगातून एखादी वस्तू फक्त रंगावरून कशी शोधायची आणि ही कल्पना आली कुठून. मी पनवेलचा, कर्नाळा अभयारण्य इथून जवळच. त्यामुळे उदाहरणं पक्ष्यांचीच येणार, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात कॉम्प्युटरच्या आधीपासून करू. १९४१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ काढलं. माझ्याकडे त्याची एक नंतरची आवृत्ती आहे. तिच्यात नवशिक्यांसाठी याद्या दिल्यात. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. तो चिमणीएवढा होता, बुलबुलएवढा की कावळ्याएवढा, आणि अंगावर ठळक रंग कोणता, एवढं आठवलं की पुरे. मैनेएवढा, पिवळा आणि काळा म्हटलं की मोजकीच नावं उरतात, त्यात हळद्या असतो. म्हणजे बघा, रंग उत्तर देत नाही, उमेदवार कमी करतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंडेक्स म्हणतो.

बरोबर ५० वर्षांनी, १९९१ मध्ये, मायकेल स्वेन आणि डॅना बॅलार्ड यांनी ‘कलर इंडेक्सिंग’ नावाचा पेपर लिहिला. तोवर कॉम्प्युटरला वस्तू ओळखायला शिकवताना भर असायचा तो कडांवर आणि आकारांवर. यांनी रंगांचे २०४८ खण केले, फोटोतला प्रत्येक पिक्सेल त्याच्या खणात टाकला आणि मोजला. झाला हिस्टोग्राम. दोन फोटो जुळवायचे तर प्रत्येक खणातला लहान आकडा घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. बस्स! कुठला पिक्सेल कुठे होता याची नोंदच नाही, म्हणून वस्तू फिरवली, तिरकी धरली, थोडी झाकली तरी जुळणी टिकते. त्यांनी ६६ वस्तूंच्या संग्रहावर हे करून दाखवलं. अर्थात तोटाही तोच. दसऱ्याचा झेंडूचा ढीग आणि गडावरचा भगवा, हिस्टोग्रामला दोन्ही सारखेच.

पुढे आयबीएमच्या क्यूबिकमध्ये रंग निवडून चित्रं शोधता यायला लागली, आणि रशियातल्या हर्मिताज संग्रहालयाने आपल्या वेबसाइटवर ते वापरलं. पण मला जास्त आवडतो तो त्याच पेपरमधला दुसरा भाग, बॅकप्रोजेक्शन. त्यात प्रश्न असतो, वस्तू या फोटोत कुठे आहे? प्रत्येक रंगासाठी भागाकार करायचा: वस्तूत तो किती, भागिले अख्ख्या फोटोत किती. हिरव्या रानात पिवळा कमी, म्हणून हळद्याचे पिक्सेल दिव्यासारखे उजळतात. ओपन सीव्ही या लायब्ररीत हे आजही एका ओळीत होतं.

आता हरियाल घ्या, आपला राज्यपक्षी. वडाच्या पानांत बसलेला, हिरवट-पिवळा. फोटोभर हिरवाच, त्यामुळे भागाकार जवळजवळ शून्यावर येतो. पाय पिवळेधमक आहेत खरे, पण ते दिसतात किती! शीळकरी कस्तुराची गोष्ट वेगळी. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेचा आहे. सावलीत तो काळाच दिसतो, ऊन पडलं की खांदे चमकतात. एकच पक्षी, दोन हिस्टोग्राम.

मी हे एका मित्राच्या कर्नाळ्याच्या फोटोंवर चालवून पाहिलं. जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, तरी हळद्या पटापट बाहेर आले. मित्र खूश. म्हणाला, “आता यावरूनच वर्षाची यादी करू.” तिथे मी त्याला थांबवलं. अशी यादी केली तर हळद्या भरपूर आणि हरियाल दुर्मिळ ठरेल, आणि त्याचं कारण जंगलात नसेल, आमच्या भागाकारात असेल. कोणी उद्या ती यादी खरी धरून बसलं तर? न्यूरल नेटवर्क वापरलं तरी हा प्रश्न विचारावाच लागतो, फक्त तिथे चूक नेमकी कुठे होते ते इतकं सरळ दिसत नाही.

म्हणून हरियालचे फोटो आम्ही अजून डोळ्यांनीच वेगळे काढतो. वडाची फळं पिकलेली असली की झूम केल्यावर एकेका फोटोत सात-आठ निघतात.