डांग्या खोकला: बाळाच्या संरक्षणासाठी मोठ्यांचे लसीकरण

डांग्या खोकला हा जीवाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार आहे. रुग्ण खोकताना किंवा शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. मोठ्या माणसांना तो बरेचदा फक्त लांबलेला खोकला वाटतो. तान्ह्या बाळासाठी मात्र तो जीवघेणा ठरू शकतो.

मोठ्यांनी लस का घ्यावी?

बाळाला पेंटाव्हॅलंट लसीच्या मात्रा ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळतात. त्याआधी बाळाचे स्वतःचे संरक्षण नसते. लहानपणी घेतलेल्या लसीचा प्रभाव काही वर्षांत कमी होतो, त्यामुळे घरातील मोठ्यांकडूनच बाळाला संसर्ग होऊ शकतो. गरोदर आईने लस घेतल्यास तिच्या शरीरातील प्रतिपिंडे जन्मापूर्वीच बाळाला मिळतात.

टीडी आणि टीडॅप यांतील फरक

• टीडी: धनुर्वात व घटसर्प यांपासून संरक्षण. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांतर्गत गरोदर महिलांना मोफत मिळते. या लसीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो.
• टीडॅप: धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला या तिन्हींपासून संरक्षण. ही लस सध्या या मोफत कार्यक्रमात नाही. खासगी रुग्णालयात पैसे देऊन घ्यावी लागते.

म्हणजेच, कार्डावर टीडीची नोंद असली तरी डांग्या खोकल्याची लस झाली असे समजू नये.

कोणी, कधी घ्यावी?

• गरोदर महिला: २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान, प्रत्येक गरोदरपणात. टीडॅप घ्यायची असल्यास टीडीच्या मात्रांबाबत डॉक्टरांना विचारावे.
• वडील, आजी-आजोबा व बाळाला सांभाळणारे: बाळाच्या संपर्कात येण्याच्या किमान २ आठवडे आधी.

टीडॅपमध्ये जिवंत जीवाणू नसतात. दंड दुखणे किंवा हलका ताप येऊ शकतो. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास आधी सांगावे.

टीडॅप घेणे शक्य नसल्यास

• टीडीच्या मोफत मात्रा नक्की घ्या.
• बाळाची पहिली मात्रा ६ आठवडे पूर्ण होताच द्या. पुढील मात्रा, तसेच १६ ते २४ महिने व ५ ते ६ वर्षे या वयातील डीपीटी बूस्टरही चुकवू नका. या सर्व मात्रा सरकारी केंद्रात मोफत आहेत.
• खोकला असलेल्या व्यक्तीने, ती घरातील असली तरी, बाळाला जवळ घेऊ नये.

त्वरित रुग्णालयात केव्हा जावे?

खोकल्याची उबळ येऊन बाळ निळे पडणे, श्वास मध्येच थांबणे किंवा दूध न पिणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अगदी लहान बाळांमध्ये उबळीनंतरचा ‘हूप’ असा आवाज येईलच असे नाही. त्यामुळे आवाजाची वाट पाहू नका.

अधिक माहितीसाठी आपल्या भागातील आशा कार्यकर्ती किंवा परिचारिकेला भेटा. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा.