घड्याळाची डबी : घासावी कीं राखावी ?

जुनें घड्याळ हातीं आलें म्हणजे तें प्रथम घासून लख्ख करावें, अशी इच्छा कोणासहि होते. परंतु जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत आज नेमकें उलट मत प्रबळ आहे. यंत्र दुरुस्त करावें, पण त्याच्या बाहेरील डबीस, म्हणजे घड्याळजी जिला केस म्हणतात तिला, होतां होईल तों हात लावूं नये, असें ते म्हणतात. हा केवळ हौशी लोकांचा चोखंदळपणा नव्हे. अठराव्या शतकांतील इंग्रजी घड्याळांची हकीकत पाहिली म्हणजे त्याचें कारण ध्यानीं येतें.

खिशांत बाळगावयाचें तें घड्याळ दुहेरी डबीचें असे. आंतल्या डबींत यंत्र, व तिच्या पाठीस किल्लीचें भोंक. बाहेरची डबी तिला धूळ व ठोकर यांपासून राखी. किल्ली देण्यास ती रोज उघडावी लागे; त्यामुळें तिची बिजागरी आणि कळीभोंवतालची जागा आधीं झिजे. दोहोंमध्यें घड्याळजी आपलें नांव छापलेला एक वाटोळा कागद ठेवीत.

चांदीच्या डबीवर लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें धातूची परीक्षा होऊन छाप उठत : शुद्धतेचा चालता सिंह, कारागिराचीं आद्याक्षरें आणि दरवर्षीं बदलणारें एक अक्षर. 1784 पासून कर भरल्याची खूण म्हणून राजाचें मस्तक आलें. पुढें 1797 सालीं पिट यानें घड्याळ बाळगण्यावरच कर बसविला. सोन्याच्या घड्याळास वर्षाला 10 शिलिंग, चांदीच्या घड्याळास अडीच. धंदा इतका बसला कीं दुसऱ्याच वर्षीं तो कर रद्द करावा लागला, आणि त्याच वर्षीं डब्यांवरील धातूचा करहि माफ झाला. म्हणून राजाचें मस्तक असलेली डबी या चौदा वर्षांतली, हें जाणता मनुष्य पाहतांक्षणीं सांगतो.

आतां कापडाच्या फिरत्या चाकावर लाल भुकटी लावून ही डबी घासली, तर चकाकी येते ती धातूचा वरचा थर जाऊनच. पत्रा मुळांत पातळ. दोनचार वेळां असें झालें कीं उठावाच्या नक्षींतील चेहऱ्यांचीं नाकें जातात, मग भोंकें पडतात, आणि आंतून घासल्यास तें वर्षाचें अक्षरहि पुसतें. देवघरांतील चांदीचे टांक रांगोळीनें घासून सपाट होतात, तसाच हा प्रकार. टांक मात्र नवा घडवून घेतां येतो; देवाचें त्यांत कांहीं अडत नाहीं.

डबी म्हणजे मोडीच्या भावाची वस्तु, ही समजूत फार दिवस टिकली. 1931 सालीं ब्रिटननें सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि सोन्याच्या डब्या मुशींत जाऊं लागल्या. उघडीं पडलेलीं यंत्रें गोळा करणाऱ्यांत कोर्टने एड्रियन इल्बर्ट हे अग्रगण्य होते. त्यांचा संग्रह त्यांच्या पश्चात् 1958 सालीं ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्यांत विनाडबीचीं यंत्रें कितीतरी आहेत.

अशा यंत्रास दुसऱ्याच घड्याळाची जुनी डबी बसवून तें अस्सल म्हणून विकणें, हा संग्राहकांच्या मतें सर्वांत मोठा अपराध. नवी डबी करून घेतली तर तिच्यावर नव्या सालाचा छाप उठतो व कोणी फसत नाहीं. पण छाप पुसट असला कीं जुन्या डबीची लबाडी सहज खपते.

इमारतींच्या बाबतींत हा वाद इंग्लंडांत आधींच झाला होता. विल्यम मॉरिस यांनीं 1877 सालीं काढलेल्या प्राचीन-इमारत-संरक्षक मंडळीस ‘खरवड-विरोधी’ असेंच टोपणनांव पडलें होतें. तथापि घड्याळ ही भिंत नव्हे. बिजागरी तुटून धूळ यंत्रांत शिरत असतांही हात आंखडणें हा निव्वळ हट्ट होय. आतां लेसरच्या साह्यानें सारी डबी न तापवितां चीर सांधतां येते. तें खुशाल करावें, आणि काय केलें तें घड्याळाबरोबर लिहून ठेवावें. त्या वाटोळ्या जुन्या कागदाच्या पाठीवर घड्याळजी दुरुस्तीची तारीख टिपून ठेवीत, तसेंच.