शॅम्पेन, नारायणगाव आणि भरिताचं वांगं

खानदेशातल्या शेतमालाच्या नावांचा शोध घेताना मी शॅम्पेनपर्यंत पोचलो, हे सांगितलं की धुळ्यातली मित्रमंडळी हसतात. पण गावाचं नाव मालाला लावायचं आणि ते कायद्यानं राखायचं, याचा ठळक दाखला तिथलाच आहे.

शॅम्पेन हा ईशान्य फ्रान्समधला प्रांत. तिथं वाइनच्या जुन्या पेढीला ‘घराणं’ म्हणतात. रीम्स शहरातलं पायपर-हायडसिक हे घराणं आपलं मूळ १७८५ सालात सांगतं. गाण्यातल्या घराण्यासारखीच इथंही चाल ठरलेली असते. अनेक गावांच्या द्राक्षांची वाइन आणि मागल्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन यांचा मेळ घालून चव तीच राखायची, हे घराण्याचं मुख्य काम. एखादा हंगाम विशेष साधला, तरच त्या सालाची वेगळी बाटली निघते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होऊन बुडबुडे तयार होतात. शेवटी घातलेल्या साखरेवरून प्रकार ठरतात: लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ‘ब्रूत’, ३२ ते ५० ग्रॅम असेल तर गोडसर ‘दमी-सेक’.

हे तंत्र महाराष्ट्रात आलं ते १९८०च्या दशकात. उद्योजक शामराव चौगुले यांनी पायपर-हायडसिकचं तांत्रिक साहाय्य घेऊन पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला अशी वाइन काढली. शॅम्पेनमध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात, आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर. तरी रीत तीच, बाटलीतल्या आंबवणीची. ही वाइन ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशी गेली. कंपनीच्या नावात ‘शॅम्पेन’ होतं, पण जुन्नर तालुक्यातल्या वाइनला शॅम्पेन म्हणणं फ्रेंचांना मान्य होणारं नव्हतं. पुढे विस्तार आणि कर्ज यांचा मेळ बसला नाही आणि २००८च्या मंदीनंतर कंपनी बुडाली.

फ्रेंचांचा हा हट्ट आढ्यतेतून आलेला नाही. बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून व्यापारी ‘शॅम्पेन’ विकत होते, म्हणून १९११ साली तिथल्या शेतकऱ्यांनी दंगे केले, पेढ्यांची गोदामं फोडली. प्रांताची हद्द आणि द्राक्षाचे वाण पक्के करणारा कायदा व्हायला १९२७ साल उजाडलं. योगायोग असा, की धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं तेही त्याच वर्षी.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला, २००३ पासून लागू झाला. त्या नोंदवहीत आज फ्रान्सची शॅम्पेन आहे आणि जळगावची केळी व भरिताचं वांगंही आहे. १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नवापूरची तूरडाळही आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं कपाशीच्या काड्यांवर भाजलं जाणारं आपलं वांगं आणि रीम्सची बाटली एकाच पंगतीत बसली.

पण रीम्सच्या खडूच्या तळघरांत बाटल्यांसोबत हिशेब असतात: कोणत्या मळ्याचं द्राक्ष, कोणत्या सालाची वाइन, किती मिसळली. नावाची किंमत त्या हिशेबांतून येते. बामणोदच्या वांग्याचं बी कोणी, कोणत्या शेतात, किती पिढ्या राखलं, हे मात्र अजून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसं गेली की नुसतं प्रमाणपत्र उरेल, आणि बाजारात कुठलंही हिरवं वांगं जळगावचं म्हणून खपेल. मग आपण कशाच्या आधारे हरकत घेणार?

राजवाडे घरोघर हिंडून दप्तरं गोळा करत. तसंच कोणीतरी यावल-रावेरच्या गावांत वही घेऊन बसायला हवं. या हिवाळ्यात भरीत भाजलं जाईल तेव्हा निदान एवढं तरी विचारावं: हे बी कुठलं?