कानांना दडे बसणे

कानांना दडे बसणे म्हणजे भोवतालचा दाब झपाट्याने बदलल्यामुळे कान बंद झाल्यासारखे वाटणे, कमी ऐकू येणे किंवा कान दुखणे होय. विमानप्रवास, घाटातील प्रवास आणि पाण्यातील बुडी या प्रसंगी हा अनुभव येतो. बहुधा तो थोड्या वेळात नाहीसा होतो. मात्र दाबातील फरक मोठा असल्यास कानाला इजा होऊ शकते. अशा इजेस दाबाघात म्हणतात.

कारण

कर्णपटलाच्या आतील बाजूस मध्यकर्ण ही हवेने भरलेली पोकळी असते. ती यूस्टेशियन नलिकेने नाकाच्या मागील घशाच्या भागाशी जोडलेली असते. प्रौढ व्यक्तीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची ही नलिका एरवी मिटलेली असते व गिळताना किंवा जांभई देताना उघडते.

वर चढताना मध्यकर्णातील हवा प्रसरण पावून नलिकेवाटे सहज बाहेर पडते. खाली उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढून कर्णपटल आत ओढले जाते आणि नलिका स्नायूंच्या साहाय्याने उघडावी लागते. त्यामुळे विमान उतरताना त्रास अधिक होतो. दाबातील फरक सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका झाल्यास स्नायूंना नलिका उघडता येत नाही. पाण्यात दर १० मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणून पाणबुड्यांना हा धोका अधिक असतो.

उपाय

* गिळणे, जांभई देणे, गोळी किंवा च्युइंगम चघळणे.
* वाल्साल्व्हा क्रिया : तोंड मिटून, नाकपुड्या चिमटीत धरून नाकावाटे हलकेच श्वास सोडण्याचा प्रयत्न करणे.
* टॉयन्बी क्रिया : नाक धरून आवंढा गिळणे.

विमान उतरू लागल्यावर जागे राहणे हितावह असते, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते. तान्ह्या बाळांना या वेळी स्तनपान द्यावे किंवा बाटलीने दूध पाजावे. पाणबुड्याने वेदना सुरू होण्यापूर्वीच दाब समतोल करावा. तो होत नसल्यास आणखी खाली न जाता थोडे वर यावे.

दक्षता

वाल्साल्व्हा क्रिया जोर लावून केल्यास अंतर्कर्णास इजा होऊन बहिरेपणा व चक्कर येऊ शकते. सर्दीमध्ये नलिकेचे अस्तर सुजलेले असल्याने विमानप्रवास शक्यतो टाळावा व पाण्यात बुडी मारू नये. कानातून रक्त किंवा पाणी येणे, तीव्र वेदना, चक्कर किंवा टिकून राहिलेला बहिरेपणा ही लक्षणे आढळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. फाटलेले कर्णपटल बहुधा काही आठवड्यांत भरून येते. तोपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नये.

इतिहास

यूस्टेशियन नलिकेस सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची याचे नाव देण्यात आले आहे. अंतोनियो मारिया वाल्साल्व्हा (१६६६–१७२३) याने १७०४ मधील कर्णविषयक ग्रंथात आपल्या नावाने ओळखली जाणारी क्रिया वर्णिली. मध्यकर्णातील पू बाहेर काढणे हा तिचा मूळ हेतू होता. १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसजवळ हायड्रोजनच्या फुग्यातून सुमारे ३,००० मीटर उंची गाठणारा फ्रेंच शास्त्रज्ञ झाक शार्ल याने कानात तीव्र वेदना झाल्याचे नमूद केले आहे.