शांग दरबाराचा अस्थिकौल

चीनच्या हेनान प्रांतात आन्यांगजवळ शांग राजवंशाची शेवटची राजधानी होती. तेथे सापडलेली बैलांच्या खांद्याची चपटी हाडे आणि कासवांच्या पोटाकडील कवचे ही भविष्य पाहण्याची साधने खरी, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांचे मोल वाटते ते राजदप्तर म्हणून. हाड घासूनपुसून गुळगुळीत केल्यावर त्याच्या मागील बाजूस, ते आरपार फुटणार नाही अशा बेताने, खाचा कोरीत. खाचेला धग लावली की पुढील बाजूस एक उभा तडा जाई व त्याला आडवा फाटा फुटे, आणि त्यावरून राजा कौल सांगे. पुढे त्याच हाडावर दिवस, प्रश्न मांडणाऱ्या शकुनज्ञाचे नाव व प्रश्न कोरून ठेवीत, तर राजाचा निर्णय आणि प्रत्यक्षात घडलेली गोष्ट यांची नोंद क्वचितच होई.

इ.स.पू. 13व्या शतकाच्या उत्तरार्धातील वू दिंग या राजाने पाऊसपाणी, लढाया आणि शिकार यांबरोबर स्वतःच्या दातदुखीमागे कोणत्या पूर्वजाचा कोप आहे हेही विचारले. राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाविषयीचा लेख विशेष बोलका आहे: प्रसूती अमुक दोन वारांपैकी एका वारी झाली तर शुभ, असे राजाने सांगितले होते, ती 31व्या दिवशी, भलत्याच वारी झाली आणि मुलगी झाली म्हणून ‘अशुभ’ असा शेरा कोरला गेला. ज्या स्त्रीने स्वतः सैन्याचे नेतृत्व केले, तिच्याच बाबतीत हा शेरा असावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही हाडे दीर्घकाळ ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधासाठी कुटली जात होती. 1899 साली वांग यीरोंग या विद्वानाने त्यांवरील लेखांचे महत्त्व ओळखले. 1928 पासून रीतसर उत्खनन सुरू झाले आणि 1936 साली एकाच खड्ड्यात 17 हजारांहून अधिक तुकडे मिळाले. दोंग झुओबिन यांनी 1933 मध्ये या लेखांचे पाच कालखंड पाडल्यावर प्रथेची उतरती कळाही दिसू लागली. अखेरच्या राजांच्या काळात विषय आक्रसून बलिविधी, शिकार आणि येणारा दहा दिवसांचा आठवडा एवढ्यांवर आले व प्रतिकूल कौल जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे उत्तर हवे म्हणून नव्हे, तर पाळी चुकू नये म्हणून हाड तापवले जात असावे. शांगांना जिंकणाऱ्या झोऊ घराण्यानेही ही प्रथा काही काळ चालवली. झोऊयुआन येथे 1977 साली मिळालेल्या कवचांवरील काही अक्षरे तर भिंगाखेरीज वाचता येत नाहीत.