कार्लाइल शाळेच्या फुटबॉल संघाची आक्रमणरचना (१८९९-१९१४) : एक ऐतिहासिक विश्लेषण

प्रस्तावना

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत मूलनिवासी जमातींतील मुलांसाठी एक निवासी शाळा सुरू झाली. तिचे संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे लष्करी अधिकारी होते. मुलांची भाषा, वेश, केस आणि नावेदेखील बदलून त्यांना गोऱ्या समाजात विलीन करावयाचे, हे शाळेचे उघड धोरण होते. शाळेच्या दफनभूमीत १८० हून अधिक कबरी होत्या, एवढे सांगितले म्हणजे त्या धोरणाची किंमत लक्षात येते. याच शाळेच्या संघाने विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया व शिकागो या मातब्बर विद्यापीठांना फुटबॉलमध्ये नमविले. त्यासाठी या संघाने योजिलेली आक्रमणरचना पुढे अनेक दशके अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलची प्रमुख रचना ठरली. तिचे श्रेय क्रीडा-इतिहासकार सामान्यतः प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर यांना एकट्याला देतात. हे श्रेय कितपत पूर्ण आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बळाचा खेळ आणि नियमबदल

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल आपल्याकडील पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत पुढे सरकत जाणे हे या खेळाचे मर्म होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जावयाचे असल्याने चेंडू घेतलेल्या खेळाडूभोवती कडे करून त्याला गर्दीतून ढकलीत नेणे सर्वांत सोयीचे पडे. १८९२ मध्ये हार्वर्डने योजिलेली उडती पाचर ही या पद्धतीची परिसीमा होती. यात वजनदार संघ जिंकत आणि खेळाडू जायबंदी होत, क्वचित प्राणासही मुकत. खेळातील या हिंसेमुळे १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ च्या नव्या नियमांनी तीन प्रयत्नांत दहा यार्डांची अट घातली आणि चेंडू पुढे फेकण्यास प्रथमच मान्यता दिली. मात्र ही मान्यता मोठ्या नाखुशीने दिलेली दिसते. फेकलेला चेंडू कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाई. त्यामुळे पूर्वेकडील प्रतिष्ठित विद्यापीठांनी या सवलतीकडे बहुतांशी पाठ फिरविली.

कार्लाइलची रचना

कार्लाइलची परिस्थिती वेगळी होती. खेळाडू थोडे, बहुतेक प्रतिस्पर्ध्यांहून वजनाने हलके, आणि महत्त्वाचे सामने जवळजवळ सर्व दुसऱ्यांच्या मैदानांवर. रेटारेटीत या संघाचा निभाव लागणे शक्य नव्हते. १८९९ ते १९०३ व पुन्हा १९०७ ते १९१४ या काळात प्रशिक्षक असलेल्या वॉर्नर यांनी ही अडचण अचूक ओळखली, यात शंका नाही. त्यांच्या रचनेत पहिल्या फळीतील सात खेळाडू समतोल उभे न राहता मध्यस्थाच्या एका बाजूस चार व दुसऱ्या बाजूस दोन असे उभे राहत. चारांच्या बाजूला, फळीच्या टोकाबाहेर किंचित मागे, आणखी एक खेळाडू असे. पंखासारख्या या स्थानावरूनच पुढे 'सिंगल विंग' हे नाव रूढ झाले. मध्यस्थ चेंडू हातोहात न देता चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे थेट फेकी. हे अंतर महत्त्वाचे होते. चेंडू मिळालेला खेळाडू धावेल, फेकेल की लाथेने उडवील, हे अखेरच्या क्षणापर्यंत प्रतिस्पर्ध्याला कळत नसे. शिवाय फळीतील गार्ड आपली जागा सोडून चेंडूवाल्याच्या पुढे धावत आणि वाट मोकळी करीत. हलक्या खेळाडूने जड खेळाडूला समोरून ढकलण्याऐवजी बाजूने गाठावे, हे या रचनेचे सूत्र म्हणता येईल.

२६ ऑक्टोबर १९०७ रोजी फिलाडेल्फियात या रचनेचा खरा कस लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा त्या हंगामातील तो एकमेव पराभव. कार्लाइलने सामना २६-६ असा जिंकला. शायेन जमातीच्या पीट हाउझर यांनी धावत्या विल्यम गार्डनर यांच्याकडे केलेली सुमारे चाळीस यार्डांची फेक त्या काळी अद्भुत वाटली. पुढे हार्वर्डवर २३-१५ व शिकागोवर १८-४ असे विजय मिळाले. शिकागोच्या सामन्याविषयी सांगितला जाणारा प्रसंग येथे विशेष उपयुक्त आहे. चेंडू झेलणाऱ्या टोकाच्या खेळाडूंना फळीवरच पाडावे, असा बेत प्रशिक्षक स्टॅग यांनी केला होता. तेव्हा आल्बर्ट एक्सेंडाइन हे सीमारेषेबाहेर पडले, शिकागोच्या बाकांमागून धावत पुन्हा मैदानात शिरले आणि हाउझर यांनी तोवर राखून ठेवलेला चेंडू त्यांनी झेलला. असा डाव कागदावर आखता येतो; परंतु किती वेळ थांबावयाचे आणि कोठे फेकावयाचे, हे त्या दोघांनाच ठरवावे लागले. फेकीचे तंत्र तर सर्वांनाच नवे होते. ते खेळाडूंनी हातांनी घडविले आणि प्रशिक्षकाने शब्दबद्ध केले.

'युक्ती' या शब्दाचे राजकारण

१९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध कार्लाइलने चार्ल्स डिलन यांच्या अंगरख्यात पाठीमागे चेंडू लपवून गुण मिळविले होते. सामना ११-१२ असा हरूनही या प्रसंगाची कीर्ती झाली, आणि पुढे संघाच्या प्रत्येक यशास हाच चष्मा लावला गेला. वृत्तपत्रांनी या खेळाडूंच्या कौशल्याचे वर्णन वांशिक धूर्तपणा म्हणून केले. मराठी वाचकाला येथे गनिमी काव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तो शब्द नेतृत्वाच्या बुद्धीचा गौरव करतो. तेथे तीच गोष्ट रक्तातील खोड ठरली. खेळाडूंची चलाखी उपजत आणि योजना मात्र गोऱ्या प्रशिक्षकाची, अशी ही वाटणी होती. वॉर्नर यांनी १९१२ मध्ये आपल्या पद्धतीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केल्याने ती लेखीही पक्की झाली.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीशी सामना झाला. वूंडेड नी येथील हत्याकांडास तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दोन्ही टोकांना 'पंख' असलेली सुधारित रचना या सामन्यात वापरली गेली. क्वार्टरबॅक गस वेल्श आणि स्टॉकहोमहून ऑलिंपिक विजेते होऊन परतलेले जिम थॉर्प यांच्या संघाने २७-६ असा विजय मिळविला. पराभूत संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर होते.

या यशाचे उत्पन्न कोणाकडे गेले, हा प्रश्न मात्र खेळाडूंनीच उपस्थित केला. वेल्श यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला आणि १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने चौकशी केली. तीत सामन्यांच्या निधीचा विनियोग आणि वॉर्नर यांची शिवराळ भाषा व वागणूक या दोहोंविषयी साक्षी झाल्या. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना पद गमवावे लागले. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात गेले. रचना त्यांच्याबरोबर गेली, असे मानले जाते. परंतु एक्सेंडाइन १९१४ पासून जॉर्जटाउन विद्यापीठाचे आणि वेल्श १९१९ पासून वॉशिंग्टन राज्य महाविद्यालयाचे प्रशिक्षक होते, म्हणजे तिचा प्रसार एकाच वाटेने झाला नाही. उल्लेखनीय असे, की आरंभी फुटबॉलच्या वर्तुळात तिला 'कार्लाइल रचना' असेच म्हणत. शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि 'सिंगल विंग' हे नाव तेवढे उरले.