सलोनिकाचं रक्त, ग्योटिंगेनचं गणित

लोकसंख्येतल्या जनुकांच्या प्रमाणाचं हार्डी-वाइनबर्गचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मी वर्गात ग्रीसमधल्या सलोनिकाची गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात तिथं जमलेल्या देशोदेशीच्या सैनिकांचे रक्तगट लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर जोडप्यानं तपासले. बी गटाचं प्रमाण हिंदी शिपायांत सर्वांत जास्त निघालं. ए आणि बी यांची जनुकं गुणसूत्रांवर वेगवेगळ्या जागी असतात, असा तेव्हाचा समज. ग्योटिंगेनच्या फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञानं १९२४ साली आकडे ताडून पाहिले. समज खरा असता तर एबी गटाची माणसं कितीतरी जास्त सापडायला हवी होती! एकाच जागेचे तीन अलील, म्हणजे एकाच जनुकाची तीन पर्यायी रूपं, धरले, तसा हिशेब जुळला. ओ गटाच्या माणसात दोन्ही अलील ओच असतात; म्हणून शेकडा ३६ जण ओ गटाचे असतील, तर ०.३६चं वर्गमूळ ०.६, हीच ओ अलीलची वारंवारता. हार्डीपेक्षा मला हा बर्नस्टाइनच जास्त आवडतो. मुलं मात्र वर्गमूळ म्हटलं की मोबाइल काढतात.